रडणारा गूळ

पेठ वडगावच्या वाटेवर हंबीररावांचं गुऱ्हाळ होतं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत तिथली ढेप कोल्हापूरच्या बाजारात आली की व्यापारी पुढं सरकत. नाव हंबीररावांचं, पण गूळ पिराजीचा. पिराजी आमच्या गावचा गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायचा आणि म्हणायचा, "उतरवा." त्या एका शब्दावर गडी पाकानं भरलेली काईल, ती भली मोठी कढई, चुलवाणावरून उतरवीत.

आमच्याकडं गुऱ्हाळावरून जाणाऱ्याला तसाच जाऊ देत नाहीत. ताज्या गुळाचा खडा त्याच्या हातावर पडतो, आणि खाणारा काहीतरी बोलतोच. पिराजीला कौतुकाची सवय होती. कुणी नाक मुरडलं तर तो दिवसभर घुम्या होऊन बसे. त्याला खरं सांगणारी एकच, त्याची बायको शालूबाई. हंगामात ती कायलीपाशीच असायची. पिराजीनं गोळी वळली की ती हात पुढं करायची, गोळी आपल्या चिमटीत दाबून बघायची आणि म्हणायची, "अवं, जरा दम धरा की." तो करवादायचा. पण थांबायचा.

चौपन्न सालच्या पावसाळ्यात शालूबाई तापानं गेली. ऊस आला, चुलवाण पेटलं, पण पिराजीच्या गोळीसाठी हात पुढं करायला कुणी नव्हतं. त्या साली ढेपा बाजारात पोचेपर्यंत पाझरायला लागल्या. व्यापारी पाठ फिरवू लागले. हंबीररावांना कळत होतं, गड्यांनाही कळत होतं. पण दुःखातल्या माणसाला काय बोलायचं, म्हणून सगळे खडा खाऊन मान डोलवीत.

बोलला तो आकाराम. पलीकडच्या गावचा गुळव्या, तोंडाचा फटकळ. वाटेनं जाता जाता त्यानं खडा तोंडात टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पिराजी, वैनी गेली, अन् तुझा गूळ बी रडाय लागला की."

एक गडी हातातली चिपाडं टाकून त्याच्या अंगावर धावला. पिराजीनं त्याला हातानंच अडवलं. आकाराम गेला. पिराजीनं त्या दिवशी भाकरीचं फडकं सोडलं नाही.

दिवस मावळताना तो आकारामच्या दारात जाऊन उभा राहिला. आता डोकी फुटणार, असं गल्लीला वाटलं. पिराजी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बायकोला मधी आणलंस, ते तुझं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. गुळाचं बोललास, तेवढं नीट सांग."

आकारामची मान खाली गेली. त्यानं पिराजीला आत घोंगड्यावर बसवलं. मग सांगितलं, की गोळी अजून मऊ असताना तू काईल उतरवतोस. त्यानं पिराजीचा हात दिव्याजवळ धरला. उभा जन्म पाकात भाजून बोटांची टोकं बाभळीच्या सालीसारखी झाली होती. आकारामनं तिथं नख रुतवलं.

"कळतंय?"

"न्हाय," पिराजी म्हणाला. दुसऱ्या हातानं त्यानं ती बोटं चाचपली. मग म्हणाला, "तिला ठावं हुतं. कवा बोलली न्हाय मला."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच हंबीररावांना सांगितलं, की आकारामला बोलवा, मी चुलवाणाचा जाळ बघतो. हंबीररावांनी नको नको म्हणून पाहिलं. ज्या कायलीपुढं आजवर त्याचा शब्द चालायचा, तिच्याखाली बसून पिराजी चिपाडं सारू लागला.

आकारामचा पहिला गूळ निघाला तेव्हा त्यानं खडा आधी पिराजीच्या हातावर ठेवला. पिराजीनं तो सावकाश चघळला. गडी काम टाकून बघत उभे राहिले.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "माझ्या अलीकडच्या गुळापेक्षा लई चांगला."

मग तो चुलवाणाकडं वळला आणि पंच्यानं डोळे पुसू लागला. डोळ्यांत धूर गेला, म्हणाला. वारा तर त्या दिवशी धूर पलीकडच्या ओढ्याकडं नेत होता.