‘चालू आहे’ म्हणून घेतलेले पार्ट

चार मित्र एकमेकांना जुने कॉम्प्युटर पार्ट विकायला लागले, की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. ते घरी चालत येतात आणि म्हणतात, "तू दिलेलं बंद पडलं!"

आम्ही चौघे. विलास चिकलठाण्यातल्या एका कंपनीत मेंटेनन्सला, भगवान त्याच कंपनीत स्टोअरला, मी शेजारच्या कंपनीत अकाउंट्सला. चौथा सत्तार, त्याच्या घरचं गुलमंडीत कापडाचं दुकान. तेव्हा एमआयडीसी जोरात वाढत होती. ऑफिसांत नवे कॉम्प्युटर आले की जुने भंगारात निघायचे. त्या भंगारातून आम्ही एकेक मशीन उभं केलं, आणि भांडणंही.

सत्तारकडून मी मॉनिटर घेतला. दुकानात झकास चालला, घरी आणल्यावर काळा ठिक्कर! मी त्याला फोन केला. "मारना पडता, मियाँ," तो म्हणाला. मी दोन दिवस चापट्या मारल्या. काही नाही. शेवटी तो स्वतः आला, बाजूला दोन बोटांनी हलकं टकटक केलं. चित्र हजर!

"तुम गुस्से में मारते," सत्तार म्हणाला. "मॉनिटर को समझता ना!"

विलासला मी कीबोर्ड विकला. त्यातलं ‘व्ही’ बटण मेलेलं होतं. मला ते खरंच माहीत नव्हतं. माझं नाव रमेश कदम, मला ‘व्ही’ लागणार कुठं? त्यानं त्याच कीबोर्डवर माझ्याविरुद्ध इंग्रजीत लांबलचक तक्रार टाईप केली, प्रिंट काढली आणि कँटीनच्या बोर्डावर लावली. खाली सही करायच्या जागी नावही टाईपच केलेलं होतं: ‘इलास’.

पुढं वर्षभर कंपनीत त्याला त्याच नावानं हाक मारायचे. कीबोर्ड मी कधीच बदलून दिला होता!

भगवाननं सत्तारला फ्लॉपी ड्राइव्ह दिली. तिची गंमत अशी, की तिच्यावर लिहिलेली फ्लॉपी ती बिनचूक वाचायची. दुसऱ्या मशीनवरची घातली की नुसती घरघर.

सत्तार चिडला. "ये क्या दिया रे? खुद का लिखेला खुदीच पढती!"

विलास शांतपणे म्हणाला, "म्हणजे कवी आहे."

एकदा भगवानचे वडील सोयगावकडून आले होते. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. नेमका त्याच दिवशी सत्तार भगवानकडूनच घेतलेला प्रिंटर उचलून त्याच्या खोलीवर भांडायला आला. ‘खराब दिला’, ‘नाय, चांगला दिला’ असं अर्धा तास चाललं. म्हाताऱ्यानं चिलीम बाजूला ठेवली.

"इथं हुतं तवर खात-पीत हुतं का?"

"व्हय, बाबा. चांगलं चालत हुतं," भगवान म्हणाला.

"अन् यांच्या घरी जाऊन पडलं?"

सत्तार म्हणाला, "जी, चाचा. पहिलेच दिन!"

"मंग पाणी बदाललंय. चार दिस जुन्या धन्याकडं राहू द्या."

आम्ही हसलो. पण प्रिंटर भगवानकडं चार दिवस तक्रार न करता चालला! विलासनं मीटर घेऊन दोन्हीकडचं व्होल्टेज मोजलं. गुलमंडीत दुपारी दोनशे तीसऐवजी दीडशेच्या वर जातच नव्हतं. ते ऐकून म्हातारा म्हणाला, "तेच म्हनलं म्या. तुमच्यात त्याला येगळं नाव असंल."

विलासनं एक पॉवर सप्लाय माझ्या गळ्यात मारला. घरी उघडला, तर आत पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘खराब’. अक्षर माझंच! दोन वर्षांपूर्वी मीच तो सत्तारला दिला होता. खाली सत्तारचं अक्षर: ‘सचमुच खराब’. त्याखाली भगवानचं: ‘लई खराब’.

सगळ्यात शेवटी विलासनं लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’.

आता हार्ड डिस्कचं. भगवाननं विलासला एक चाळीस एमबीची डिस्क दिली आणि वर महिन्याची गॅरंटी दिली. आमच्यात गॅरंटी कुणी देत नसे. तिसऱ्या आठवड्यात डिस्क गेली. विलासच्या बहिणीचा एम.ए.चा अर्धा प्रबंध तिच्यात होता. विलास म्हणाला, "मेलेली दिलीस." भगवान म्हणाला, "तू आपटली असशील." बोलणं बंद.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. विलासचं घर बौद्ध वस्तीतलं, विद्यापीठाच्या अंगाला. भगवानच्या गावाकडं वातावरण उलटं. दोघं कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसलेले पाहून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. कुणी विलासला म्हणे, "बरं केलंस." कुणी भगवानला म्हणे, "शहाणा झालास." दोघंही मान खाली घालून जेवत. कारण हार्ड डिस्क आहे, हे फक्त मला आणि सत्तारला माहीत!

मग विद्यापीठाचं नाव बदलल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी दुकानांची शटरं खाली, बस बंद, चौकाचौकांत पोलीस. विलासच्या वस्तीत एकीकडं पेढे वाटणं चाललेलं आणि दुसरीकडं काय होईल म्हणून पोरांचा पहारा. भरदुपारी त्याच्या दाराची कडी वाजली. आईनं दार बोटभर उघडलं.

बाहेर भगवान. चिकलठाण्याहून सायकल हाणत आलेला, घामानं निथळत. वाटेत तीनदा पोलिसांनी पिशवी उपसून ती लोखंडी डबी कशाची, म्हणून विचारलं होतं. वस्तीतली दोन पोरं त्याच्या मागंच येऊन उभी होती.

विलास धावत आला. "अरे, डोकं फिरलं का तुझं? आजच्या दिवशी? इथं?"

भगवाननं टॉवेलात गुंडाळलेली दुसरी डिस्क काढून त्याच्या हातात दिली.

"गॅरंटी आज संपतीय."