समोरचे भूलवाले डॉक्टर

अख्ख्या सोलापुरात जेवढ्या म्हणून कमरा दुखत असतील, त्या सगळ्यांचं पाप आमच्या समोरच्या घरातल्या भूलवाल्या डॉक्टरांच्या माथी आहे, असं निदान सोलापूरकरांचं तरी ठाम मत आहे. पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं, हे आमच्या या काकांचं जन्मभराचं काम. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला लोक पेढे देतात, काकांना मात्र भर मंडईत वांगी निवडताना गाठतात आणि म्हणतात, "डॉक्टर, तुमच्या त्या सुईपासनं कंबर धरली ती धरलीच बघा." सुई थोरल्याच्या बाळंतपणातली असते, आणि थोरला आता दाढी करत असतो. सुईची जागा दुखली तर चार दिवस दुखते, जन्मभर नाही, हे काकांना पक्कं ठाऊक. पण ते वाद घालत नाहीत. पिशवी खाली ठेवून विचारतात, "वाकताना दुखतं की उठताना?" आणि तिथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी, कसं वाकायचं ते स्वतः वाकून दाखवतात. एकदा भाजीवालीला वाटलं यांचं काही पडलंय. तीही बिचारी शोधायला वाकली.

दुसरी खोड म्हणजे विचारपूस. आपण "कसं काय?" म्हणतो आणि पुढं चालू लागतो. काका "कसं वाटतंय?" म्हणतात आणि उत्तरासाठी थांबतात. मळमळतंय का, छातीत जड वाटतंय का, कानात आवाज येतोय का, ओठ बधिर झालेत का! भुलीचं औषध चुकून रक्तात उतरलं तर अशी चिन्हं दिसतात म्हणे. पण हे दवाखान्यात विचारावं. काका लग्नाच्या पंगतीतही विचारतात. एका लग्नात शेंगांची चटणी इतकी जहाल होती, की नवरदेवाचे मामा "ओठ बधिर झाले हो!" असं ओरडले. काका भरल्या ताटावरून उठले, डाव्या हातानं मामांची नाडी धरली आणि मामांची जिलेबी संपेपर्यंत सोडली नाही.

माझ्या बाळंतपणात सिझर करायचं ठरलं आणि सुई द्यायला काकाच आले. म्हणाले, "आधी पाय गरम होतील, मग जड होतील, मग तुझे राहायचे नाहीत. भिऊ नको, परत मिळतात." तसंच झालं. पण थोड्या वेळानं हात गार पडले, सगळ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटू लागले. मला कळायच्या आत काकांनी विचारलं, "मळमळतंय का गं?"

"काका, मी चालले वाटतं."

"चाललीस कुठं? पाय माझ्याकडं आहेत की."

बोलणं थट्टेचं, चेहरा मात्र थट्टेचा नव्हता. रक्तदाब झपकन उतरला होता. त्यांनी मला डावीकडं कलतं केलं, सलाईनमधून औषध सोडलं आणि कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बोलत राहा. आमटी कशी करतेस सांग." मी कशीबशी आमटी करायला घेतली. चिंचेपाशी आले आणि लेक रडली. आमटी तिथंच राहिली. मग मला अशी हुडहुडी भरली, की दातावर दात आपटायला लागले. काकांनी घरून आणलेली स्वतःची जाड चादर माझ्यावर घातली. दवाखान्याच्या ब्लँकेटवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. आडवं पडलं की काही नाही. लेकीला घ्यायला उठून बसले की कवटी फुटतेय असं वाटायचं. काकांनी सासूबाईंसमोर सरळ सांगून टाकलं, "सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं, त्यानं होतं. माझ्याच सुईचं आहे हे. बरं होईल." सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "चांगली हिंडती-फिरती पोर दिली होती तुमच्या हातात!" इथून जी सुरुवात झाली, ती आम्ही घरी आलो तरी चालूच. काका सकाळ-संध्याकाळ थर्मासमधून कडक कॉफी घेऊन यायचे, कॉफीनं या दुखण्याला उतार पडतो म्हणून. मला ती पाजायची, स्वतः बोलणी खायची आणि रिकामा थर्मास घेऊन परतायचं.

शेवटी एका सकाळी मी उठून बसले आणि डोकं शांत राहिलं. लेकीला मांडीवर घेऊन मी त्यांना विचारलं, "एवढं ऐकून का घेता हो काका?"

काका म्हणाले, "तरुणपणी मी टेंभुर्णीच्या दवाखान्यात भूल द्यायला जायचो. करकंबची एक बाई होती, अशीच बाळंतपणाची. तिचा रक्तदाब उतरत गेला आणि ती काहीच बोलली नाही. पाहतो तर ओठ पांढरे, नाडी लागेना. फार कष्टानं मागं आणली तिला. सावध झाल्यावर विचारलं, बाई, कसंतरी होत होतं तर सांगितलं का नाही? म्हणाली, 'तुमी कामात हुता. म्हटलं, कशाला तरास द्यायचा.'" काकांनी चष्मा काढून पुसला. "बोलणाऱ्या बाईची मला भीती नाही गं. तुझ्या सासूबाईंची तर मुळीच नाही."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी थर्मास उचलला, आत नेऊन स्वच्छ घासून आणला आणि काकांच्या हातात दिला.

यंदाच्या हिवाळ्यात काकांचा हात थरथरायला लागला. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःच दवाखान्यात सांगून काम थांबवलं. सत्कार वगैरे काही झाला नाही. मला म्हणाले, "करकंबला यायचं का? गाडी आता मला चालवत नाही." त्या बाईंशी त्यांचं जाणं-येणं इतकी वर्षं टिकून होतं, हे मला तेव्हा कळलं.

बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, दात पडलेत. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात हुरडा भाजत होत्या. आणि बोलायच्या किती! सुना, ऊस, गुडघे, शेजारणीची म्हैस, कशाकशाला थांबा म्हणून नाही. काका बाजेवर बसून हुंकार देत होते. मग हुंकार विरळ झाले. पाहिलं तर काका आडवे झालेले, डोळा लागलेला, तोंड किंचित उघडं, हातात हुरड्याचे दाणे तसेच.

मी त्यांना हलवायला उठले, तशी बाईंनी माझा हात धरला. पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाल्या,

"निजू द्या वो. लई बायांपाशी जागलाय त्यो मानूस."