नक्कल पुरी झाल्याशिवाय

घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी इतकी तपासणी करणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलतसासरा म्हणून आला. काकांनी लग्न केलं नाही. उभा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेत यीस्ट आणि शैवालाच्या पेशी बघण्यात घालवला, आणि निवृत्तीनंतर त्या पेशींचे कायदे आमच्या कर्वेनगरच्या घराला लावले. "पेशी दुभंगण्याआधी डीएनएची पुरती नक्कल करते. तुकडा जरी राहिला तरी जागच्या जागी थांबते," असं म्हणत ते दारातच आमच्या पिशव्या उघडायचे. स्वारगेटच्या किती गाड्या त्यापायी आमच्याविना सुटल्या! मुलं लोळत पडली म्हणून मी ओरडले, की खिडकीतल्या हिरव्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणायचे, "अगं, शैवालसुद्धा दिवसभर नुसतं वाढतं. अंधार पडला की एकाची आठ होतात."

"तोवर परीक्षा होऊन जाईल, काका."

"मग पुढच्या वर्षी," ते शांतपणे म्हणायचे.

गेल्या वर्षी धाकट्या दिरांनी वाघोलीला फ्लॅट घेतला. घर वेगळं होणार म्हटल्यावर काका एकेका खोलीत फिरून सगळं बघून आले. मग म्हणाले, "हरकत नाही. पण आधी नक्कल पुरी करा. या घरातलं सगळं दोन्हीकडे हवं." झालं! सासूबाईंचा गोडा मसाला मी जावेला शिकवला, आरत्यांच्या चाली तिच्या मुलीने घोटल्या, जुन्या फोटोंच्या दुसऱ्या प्रती निघाल्या. टेम्पो ठरला की काकांना काहीतरी राहिलेलं आठवायचंच. शेवटी निघालं सासूबाईंचं लिंबाचं लोणचं, आणि ते मुरायला महिना!

"अहो काका, पेशी लोणचं घालत नाही!" जाऊ वैतागली.

"म्हणूनच एवढीशी राहिली बिचारी."

सगळे हसलो. पण म्हातारा तपासणी करत नव्हता, आम्हाला धरून बसला होता, हे मला कळत होतं.

लोणचं मुरलं. टेम्पो भरला. "आता काय राहिलं, काका?" दिरांनी विचारलं.

"मी राहिलो रे. माझी नक्कल कुठे झालीय?"

कुणाला हसू येईना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊच म्हणाली, "नक्कल हवीय कुणाला? आम्ही अस्सलच नेतोय. चला, पुढे बसा बघू." काका लहान मुलासारखे पटकन चढून बसले. माझ्याकडे बघायचंसुद्धा विसरले.

आता मी रोज फोन करते. "काका, कधी येताय?"

"इथे अजून बरंच तपासायचं राहिलंय गं," ते म्हणतात. आवाज अगदी खुशीत असतो. या वयात माणूस नव्या घरात रमला तर आपल्याला बरं वाटायला हवं. मला मेलीला वाटत नाही.