आजींच्या मिशा

बेंगळुरात चामराजपेटेतल्या एका स्टुडिओत मी सहा वर्षं लोकांना कपडे नेसवायचं काम करत होते. हौस म्हणून वेष बदलून फोटो काढायला लोक तिथं येत. कुणी राजा-राणी होई, कुणी इन्स्पेक्टर, कुणी जुन्या काळचा वकील. फोटो मालक काढत, त्यांना मी अण्णा म्हणायचे. इस्त्री, नेसवणं, पावडर, मिशा चिकटवणं हे माझं. आठवी अर्धवट सोडलेल्या, सोलापूरकडच्या खेड्यातून आलेल्या बाईला याहून जास्त काही मिळावं असं मला कधी वाटलं नाही. अण्णांचं घराणं तीन-चार पिढ्या बेंगळुरातलं, पण घरात मराठी. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, मला घरातल्यासारखं ठेवलं. म्हणूनच त्यांच्यासमोर चुकायची मला जास्त धास्ती.

एक दिवस अण्णा म्हणाले, "शनिवारचं काम तू कर."

"इस्त्री झाली की अण्णा."

"इस्त्री नाही गं. फोटो तू काढ. काय, कसं, सगळं तूच ठरव. मी नुसता उभा राहतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तेवढ्यात अक्का आतून म्हणाल्या, "रोज दुपारी कॅमेरा घेऊन माझे शंभर फोटो काढलेस. भेंडी चिरताना पण सोडलं नाहीस. आता गिऱ्हाइकाचे काढ की."

"आणि बिघडलं तर?"

"तर परत इस्त्री आहेच," अण्णा म्हणाले. म्हणताना हसले, पण खोटं बोलत नव्हते. ही संधी हातची गेली तर पुन्हा कधी विचारतील याचा काही नेम नव्हता.

काम होतं एका आजी-आजोबांचं. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. कापडाच्या दुकानावर आयुष्य काढलेलं जोडपं. महिन्यापूर्वी आजोबांच्या छातीचं काहीतरी निघालं, दवाखान्यात राहून आले. त्यांची मुलगी इंदिरानगरला ऑफिसात होती. तिनंच फोन केला. "घरात सगळे नुसते गप्प बसलेत हो. मला त्यांना हसवायचंय. आईला बाबांचे कपडे घालू या आणि बाबांना नऊवारी."

मी वही घेतली. मला लिहिण्यापेक्षा चित्र बरं जमतं. काड्यांची दोन माणसं काढली. एकाला कोट, फेटा, काठी आणि मिशा. दुसऱ्याला नऊवारी, नथ, अंबाडा. लाईट कुठं, स्टूल कुठं, सगळ्याच्या खुणा केल्या. आजी अगदी पुरुष दिसल्या पाहिजेत, म्हणून त्या काडीच्या माणसाचं कपाळ मी मोकळं ठेवलं. त्यात काही चुकतंय असं मला दिसलंच नाही. मला काळजी होती ती आजोबांच्या पोटाची. शिवलेली नऊवारी तिथं बसेल का, या विचारात मी दोनदा इलास्टिक बदललं. अक्कांना स्टुलावर बसवून चार दिवस लाईट लावून पाहिले. शेवटी त्या वैतागून अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "माझं लग्न लावतेस की काय आता? सरी, पुरे झालं!"

शनिवारी तिघं आली. आजोबा नऊवारी नेसून बाहेर आले आणि आरशात बघून म्हणाले, "पन्नास वर्षं हिला घाबरून काढली. मिशा हिलाच शोभतील." आजी काही हसल्या नाहीत, पण कोटाच्या बाह्यांत हात घालून बसल्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. डोक्यात नुसता कॅमेरा होता. आणि हात आपल्या सवयीनं चालत होते. पावडरीआधी चेहरा पुसायचा, ही सहा वर्षांची सवय. ओला कापूस घेतला आणि आजींच्या कपाळावरून फिरवला.

कापूस लाल झाला.

आमच्या गावाकडे डबीतलं कुंकू संपलं तरी संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. असल्या घरात वाढलेली मी, आणि दवाखान्यातून आलेल्या नवऱ्यासमोर, लग्नाच्या वाढदिवसाला, एका बाईचं कुंकू मी माझ्या हातानं पुसलं होतं.

"अहो, काय केलंत हे!" मुलगी उठलीच. "आजच्या दिवशी! विचारायचं तरी!"

कापूस टाकावा की लपवावा ते मला कळेना.

"अगं, मी इथंच आहे की," आजोबा म्हणाले. "नऊवारी नेसून उभा आहे. जातोय कुठं?"

"तुम्ही गप्प बसा," आजी म्हणाल्या. "आधी तो पदर सांभाळा."

मग त्यांनी पर्स उघडून कुंकवाची डबी काढली आणि मला म्हणाल्या, "आरसा धर." मी धरला. "हलवू नको, नीट धर." त्यांनी आधीपेक्षा मोठं, ठसठशीत कुंकू लावलं. कोटाच्या आत गेलेलं मंगळसूत्र ओढून बाहेर काढलं.

"आता लाव मिशा."

"आजी, चुकलं माझं. मी..."

"चुकलं ते चुकलं. ऐक आता. कुंकू राहणार, मंगळसूत्र राहणार, मिशा पण लावणार. असा फोटो काढायला जमत असेल तर सांग. नाहीतर आम्ही जातो."

माझ्या वहीतल्या कुठल्याच काडीच्या माणसाला कुंकू नव्हतं. मी कॅमेरा उचलला आणि तसाच अण्णांपुढे केला. दोन्ही हात पाठीमागं बांधून ते भिंतीला टेकून उभे होते. हात काही सुटले नाहीत.

"माझ्याकडे काय बघतेस? त्यांनी तुला विचारलंय."

"जमेल," मी म्हणाले. आवाज फुटला नसावा, कारण आजींनी "काय?" विचारलं. मग मोठ्यानं म्हणाले.

पहिले वीस-बावीस फोटो कसे काढले ते मला आठवत नाही. मुलगी अजून घुश्शातच होती. पण कोण कुठं उभं राहायचं यावर वाद निघाला आणि ती ओढली गेली. "बायको डावीकडे, म्हणजे बाबा डावीकडे." "अगं पण बायको मी आहे." "साडी कुणी नेसलीय?" तो वाद मिटलाच नाही, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. आजोबा लाजायला लागले, आणि इतके छान लाजले की मुलगी खाली बसून हसली. आजींनी एक पाय स्टुलावर ठेवून मिशीला पीळ दिला. मिशी एका बाजूनं सुटली. मी डिंक घेऊन धावणार, तर त्यांनी ती बोटानं तशीच दाबून धरली आणि आजोबांकडे वळून हळूच विचारलं, "दमलात का? बसता का जरा?"

मी बटण दाबलं.

ते गेल्यावर अण्णांनी फोटो कॉम्प्युटरवर लावले. मी मागं उभी. सुरुवातीचे सगळे हललेले. एक गेला, दुसरा गेला, दहावा गेला. मी मनातल्या मनात इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. मग मिशी दाबून धरलेल्या आजी आल्या. मोठं कुंकू, कोटावर मंगळसूत्र, अर्धी मिशी, नजर नवऱ्याकडे. त्याच्यावर अण्णा थांबले. अक्कांना हाक मारली. त्या ओल्या हातांनीच आल्या, बघितलं, आणि पदरानं हात पुसत तिथंच उभ्या राहिल्या.

"सुरुवातीचे स्वल्प हललेत," अण्णा म्हणाले.

"हो."

"चेहऱ्याला हात लावायच्या आधी विचारायचं."

"हो अण्णा."

"यशवंतपुरातून फोन होता. तीन बहिणी आहेत, तिघींना वकील व्हायचंय. रविवारी येणार. मी त्यांना तुझा नंबर दिलाय."

मी नुसतं "बरं" म्हणाले. आभार मानायला हवे होते. पण खरं सांगायचं तर वकिलाचे काळे कोट आपल्याकडे दोनच आहेत, तिसरा कुठून आणायचा, हे माझ्या डोक्यात तिथंच सुरू झालं होतं.