बिस्किटाएवढी अँटेना अन् एकशे बारा वर्षं

किस्से काही कोणी जमवत नाही हो. लॅबच्या कपाटातल्या मेलेल्या माऊससारखे ते साठत जातात. एक बाहेर ओढला की वायरीत गुंतून पाच येतात!

मी आठवी नापास, राजापेठेकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब अटेंडंट. आमच्या प्रज्ञा मॅडम बार्शीटाकळीच्या, भाजीच्या मळ्यातल्या. पीएचडीसाठी बिस्किटाएवढी अँटेना करत होत्या. काळ्या मातीत पुरली की ओल किती, ते ती सांगणार. पण आधी ती कॉम्प्युटरात काढून तिच्यावर रेडिओच्या लाटा सोडून पाहायच्या. शुक्रवारी पाचपर्यंत आलेख आला नाही, तर गाइड सर सही करणार नव्हते. म्हणजे मॅडमचं वर्ष गेलं!

*

सोमवारी कॉम्प्युटर म्हणाला : शिल्लक वेळ, एकशे बारा वर्षं.

"मॅडम, गादी आणू काय?" मी विचारलं.

सरांनी चष्मा वर केला. "प्रज्ञा, तीस मिलिमीटरच्या जागी तीस मीटर टाकले!"

बिस्किटाचं मैदान झालं होतं. मी म्हटलं, "सर, हे अँटेना नाही, ले-आउट होय. प्लॉट पाडून इकून टाकू!"

*

मग माप सुधारलं. पण लाट किती वेळ चालवायची, तिथं मॅडमनं नॅनोसेकंदाऐवजी अख्खा सेकंद ठेवला.

सर हळूच म्हणाले, "एका सेकंदात लाट चंद्राजवळ पोचते, बाई."

तिघंही खिडकीतून आभाळाकडे पाहत बसलो. दिवसाचा चंद्र, पाण्यात विरघळत्या बत्ताशासारखा.

"पोचू द्या ना," मी म्हटलं. "तिथल्या मातीची ओल तरी समजन!"

*

कॉम्प्युटर सगळ्या जागेची जाळी पाडून एकेक घर मोजतो. बुधवारी मॅडमनं जाळी मैद्याच्या चाळणीसारखी बारीक केली. 'दोन मिनिटं शिल्लक' हे तासभर हलेना.

सर रोज चांदूर रेल्वेहून आगगाडीनं येतात; ती स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला हमखास अडते. मी स्क्रीनवर चिठ्ठी डकवली : 'गाडी आउटरला उभी आहे.'

सरांनी ती वाचली, अन् सवयीनं पिशवी मांडीवर घेऊन बसले!

तेवढ्यात लाइट गेली. केलेलं सगळं गेलं.

"काका, माह्यासंगच काहून असं होऊन राहिलं?" मॅडम रडायला लागल्या. मला थट्टा सुचली नाही. चहा आणला. त्यात साखर नव्हती. त्यांनी सांगितलंही नाही.

*

शुक्रवारी जाळी बेताची ठेवली. एकोणीस मिनिटांत आलेख हजर!

सर दचकले. "इतक्या लवकर? युनिट काय आहे?"

"मिलिमीटर, सर."

"अन् वेळ?"

"नॅनोसेकंद."

"परत चालव."

परत एकोणीस! सरांनी सही केली. मॅडमनं कॉम्प्युटर बंद केला.

पण उठलं कोणीच नाही. काळ्या स्क्रीनमध्ये आमची तिघांची तोंडं तरंगत होती. पाच वाजून गेले. सरांची गाडीही गेली असणार.

बऱ्याच वेळानं स्क्रीनकडे पाहतच सर म्हणाले, "किती राहिलं?"

"होतच आलं, सर," मॅडम म्हणाल्या.