मापात बसलेला बोर्ड

“मॅडम, मापात बसतोय तुमचा बोर्ड,” तालुक्याहून आलेले साहेब टेप गुंडाळत म्हणाले. बसणारच होता. त्यासाठीच तर मी डोकं लढवलं होतं.

मी आर्किटेक्ट, ऑफिस डहाणूला. नकाशे काढायचे आणि ते मंजूर होईपर्यंत साहेबलोकांच्या मागे फिरायचं, हे माझं काम. २०१७च्या चैत्रात किरीटभाईंचं काम हातात होतं. तलासरीहून विवळवेढ्याकडे येताना हायवेला त्यांचा ‘महालक्ष्मी प्लाझा’. पुढचे गाळे चालायचे, मागच्यांकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. तिथला शिंपी आणि ब्लाउज-पीसवाली गाळे सोडायच्या बेतात होते. म्हणून रस्त्याला बाणाचा आणखी एक बोर्ड हवा होता.

अडचण झोनची. कुठल्या जमिनीवर काय चालेल हे ठरवणारा पट्टा म्हणजे झोन. इथे आजूबाजूला सगळा हिरवा, म्हणजे शेतीचा पट्टा. त्यामुळे दुसऱ्या बोर्डाला खास परवानगी, आणि तीही छोट्या मापाची.

“पण नाव पूरं पाहिजे हां, मॅडम,” किरीटभाईंनी बजावलं होतं.

दोन्ही शब्द मोठे काढले तर बोर्ड मापाबाहेर जात होता. मग मी ‘महालक्ष्मी’ लांबून दिसेल असं ठळक घेतलं, त्याखाली बाण आणि कोपऱ्यात बारीक ‘प्लाझा’. स्वतःवरच खूश झाले. साहेबांना बोर्ड जागेवर बघायचा होता, म्हणून सकाळीच त्या मापाचा फ्लेक्स बांधून घेतला. पुढे विवळवेढ्याच्या देवळात महालक्ष्मीची यात्रा चालू होती. ट्रॅफिक लागेल, एवढाच मी तिचा विचार केला.

साहेबांनी टेप खिशात टाकला आणि मागे नारळ फुटल्याचा आवाज झाला.

प्लाझाच्या पायरीशी चपलांची रांग लागली होती. चार-पाच बायका, धुळीने भरलेले पाय. किरीटभाईंनी दारात देवीची तसबीर हार घालून ठेवलेली असते. तिच्यासमोर एक म्हातारी हात जोडून उभी होती. पायरीवर नारळाचं पाणी पसरलं होतं.

“आजी, हे देऊळ नाही. दुकानं आहेत ही,” मी म्हणाले.

“हिनं पाटी वाचली ना,” तिने शेजारच्या सुनेकडे बोट केलं. “म्हटलं, औंदा गर्दी हाय, देवीची वाट इकडून काढली असल.”

तलासरीकडच्या झरी गावाहून चालत आल्या होत्या. नातीला मूल झालं, त्याचा नवस. हायवेवर सारखी डायव्हर्शनं. बाण दिसला की वळायचं, ही सगळ्यांनाच सवय झालेली. माझा बाण त्यांनी तसाच वाचला.

“पब्लिक खेचतो पण बोर्ड,” साहेब हसले. आवाज ऐकून बाहेर आलेले किरीटभाई हसले नाहीत. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

म्हातारीने मला विचारलं, “बाय, मंग ह्यो नारळ देवीला पोचला काय?”

मला तोंड वर करवेना. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. “पोचला असेल, आजी,” मी पुटपुटले. तिला ते पटलं नाही, हे दिसत होतं.

मी त्यांना गाडीतून देवळापाशी नेलं. दुसरा नारळ घेऊन देते म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, “नवसाचा नारळ घरून आणायचा असतो.” सगळ्यांच्या हातात ओट्या, नारळ, फुलं. ती रिकाम्या हातांनी रांगेत उभी राहिली आणि मी तिच्या मागे.

संध्याकाळी किरीटभाईंचा फोन आला. “मॅडम, फ्लेक्स मी उतरवला. साहेब मंजुरी देते, पण मला असा बोर्ड नको.”

मी दोन्ही शब्द सारख्याच मोठ्या अक्षरांत घेऊन नवं ड्रॉइंग दिलं. बोर्ड मापाबाहेर गेला आणि अर्ज नामंजूर झाला. दिवाळीच्या आत शिंप्याने गाळा सोडला. त्याच्याही नजरेला नजर द्यायची मला चोरी झाली.

आता बोर्डाचं ड्रॉइंग झालं की मी ते भिंतीला लावते, लांब जाऊन उभी राहते आणि फक्त मोठी अक्षरं वाचते. चालून दमलेला माणूस तेवढीच वाचतो.