फोटोत माझं डोकं नव्हतं

पडद्यावर माझे पाय होते.

इंग्लंडातल्या आमच्या शाळेचा मोठा हॉल. नोव्हेंबरातला इनसेट डे, म्हणजे मुलांना सुट्टी आणि मास्तरांची शिकवणी. पुढच्या रांगेत आम्ही चौघं, बाहेरच्या देशांतून भरती करून आणलेले. घानाचे दोघे, जमैकाची एक आणि नागपूरची मी, गणिताची. मागे बाकीचा सगळा स्टाफ. डेप्युटी हेड हातात क्लिकर घेऊन उभा. विषय होता कामावर येताना कसं दिसावं. खास आमच्यासाठी. पहिल्या चित्रात टाय लावलेला माणूस, खाली हिरवी खूण. दुसऱ्यात ब्लेझर घातलेली बाई, हिरवी खूण. तिसऱ्यात पाय. सुती सलवारची कड, करडे मोजे, उजव्या मोज्याला भोक, भोकातून बाहेर आलेला अंगठा. हातात धरलेले काळे बूट. कमरेच्या वर काही नाही, कापून टाकलेलं. खाली लाल फुली.

"शूज गो ऑन द फीट, पीपल," डेप्युटी म्हणाला.

हॉल हसला. मागून कुणीतरी टाळी पण वाजवली. जमैकाच्या बाईने आधी पडद्याकडे बघितलं, मग खाली माझ्या पायांकडे, मग पटकन समोर. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तेच करडे मोजे होते. भोक मी शिवलेलं होतं, पण ते कुणाला दाखवणार.

दुसऱ्या रांगेत पीईचा मास्तर बसला होता, नोव्हेंबरात हाफ पॅन्ट घालून. ड्रामाची बाई फाटक्या जीन्समध्ये. त्यांना चालतं. त्याचे गुडघे दिसले तर तो खेळाडू. तिची मांडी दिसली तर ती कलावंत. माझा अंगठा दिसला तर मी अडाणी. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

आता तो फोटो कसा निघाला ते सांगते.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. मी सकाळी सातलाच शाळेत पोचायची. बाहेर पाऊस, बुटांना चिखल. कॉरिडॉरमध्ये सुरिंदर आंटी फरशी पुसत होत्या. सुरिंदर आंटी म्हणजे आमच्या मजल्याच्या क्लीनर. साठीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. अर्धा कॉरिडॉर पुसून झालेला, ओला, चकचकीत. माझी खोली त्या टोकाला. मी बूट काढले, हातात घेतले आणि कडेकडेने मोज्यांवर चालत गेले.

"जूते क्यों उतारे, पुत्तर?" आंटी म्हणाल्या.

"आपने अभी पोंछा है ना," मी म्हणाले.

एवढंच. यात काही मोठेपणा नव्हता. माझी आई नागपूरच्या एका शाळेत झाडू-पोछा करायची. मी त्याच शाळेत शिकले. पुसलेल्या फरशीवरून चिखलाचे पाय घेऊन गेलं की आई परत फडकं पिळायची. ती परत वाकायची. तिचं ते परत वाकणं मी रोज बघितलंय. त्यामुळे ओली फरशी दिसली की माझे हात आपोआप बुटांकडे जातात. पाठ करावं लागलं नाही.

समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खोली अनघाताईंची.

अनघाताई आमच्या गणिताच्या हेड. पुण्याच्या, वीस वर्षं इंग्लंडात. मी आले तेव्हा त्यांनीच मला मराठीतून हाक मारली होती, आणि मी एवढी हरखले होते की विचारू नका. परक्या देशात आपलं माणूस. मग त्यांनी विचारलं, "नागपूरला कुठे गं?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "आणि आडनाव?" ते माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, तरी विचारलं. मी सांगितलं. "हं," त्या म्हणाल्या. त्या "हं"ची लांबी मला लहानपणापासून माहीत आहे. पण मी स्वतःला समजावलं, बाई, आता इथे तरी नको तो संशय. सात समुद्र ओलांडून आलीस.

इनसेट डेला जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या. हातात कॉफी.

"अगं, मीच काढला होता तो. गंमत म्हणून स्टाफच्या ग्रुपवर टाकला. डेप्युटी स्लाइडमध्ये घालेल असं मला काय माहीत? आणि तोंड कुठे दिसतंय? कुणाला कळलं पण नसेल."

सगळ्यांना कळलं होतं. अख्ख्या शाळेत सलवार घालून शिकवणारी मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत दोन ब्लेझर, तीन ट्राउझर्स.

"तुला होतील. दोन-दोनदाच घातलेत मी. कामावर कसं दिसायचं हे शिकावं लागतं गं. आणि घरी कुणी बघितलेलं नसलं की कळत नाही, त्यात तुझी काय चूक?"

मी म्हणाले, "ताई, माझ्याकडे कपडे आहेत."

"वेडी आहेस का? इथे सगळेच चॅरिटी शॉपमधून वापरलेले कपडे घेतात. लॉर्ड्ससुद्धा. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. आणि डिसेंबरात तुझा प्रोबेशन रिव्ह्यू आहे. प्रोफेशनल अपीअरन्स असा एक रकाना असतो त्यात. मी तो रिकामा कसा सोडू?"

इथे कळलं. व्हिसा शाळेच्या कागदावर. कागद प्रोबेशनवर. प्रोबेशन अनघाताईंच्या सहीवर. नवरा गावाबाहेरच्या एका गोदामात शिफ्टवर, तो माझ्या व्हिसावर. नऊ वर्षांची मुलगी, ती पण माझ्या व्हिसावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर आवरा सामान. तीन माणसांचं बिऱ्हाड एका रकान्यात अडकलेलं.

मी पिशवी घेतली. लपवत नाही. घेतली.

घरी आरशासमोर ब्लेझर चढवला. बाह्या लांब, खांदे उतरलेले. त्यांच्या सेंटचा वास. आतल्या बाजूला ड्रायक्लीनरची चिठ्ठी, त्यावर त्यांचं नाव. मुलगी म्हणाली, "आई, तुझा कोट लूज आहे." नवरा म्हणाला, "काहून एवढं मनाला लावतेस? कापडच तं आहे."

कापडच आहे. माझ्या आईला पण सगळे हेच म्हणायचे.

दिवाळी आली की शाळेतल्या बाई आईला त्यांच्या उतरलेल्या साड्या द्यायच्या. आई त्या नेसून झाडायला जायची. आणि मग कोणीतरी बाई मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणायची, "ही माझी बरं का. बघा, अजून कशी टिकली आहे." आई हसायची. मीही पाचवीत असताना हेडबाईंच्या मुलीचा फ्रॉक घालून वर्गात बसले होते. ती मुलगी बाकावर उभी राहिली आणि ओरडली, "तो माझा फ्रॉक आहे. मागे शाईचा डाग आहे बघा." दोघी-तिघींनी माझी पाठ वळवून डाग शोधला. सापडला. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्याच नाहीत.

मी घरी आईला सांगितलं. आई उठली. ट्रंकेतून सगळ्या साड्या काढल्या. धुतल्या. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. घड्या घालून दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या टेबलावर ठेवून आली. "मले नाही पाहिजे कोनाचं उतरलेलं," एवढंच म्हणाली. मग वर्षभर तिच्या अंगावर दोनच साड्या होत्या, त्यातली एक ठिगळाची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, माज आलाय. हो, आला होता.

हे सगळं माहीत असून मी तो ब्लेझर तीन आठवडे घातला. भीतीने घातला. पोरीच्या शाळेचा, नवऱ्याच्या शिफ्टचा, परतीच्या तिकिटाचा विचार करून घातला. भ्याड होते मी तेव्हा, दुसरा शब्द नाही. सकाळी सुरिंदर आंटी पुसत असायच्या आणि मी बूट घालूनच त्यांच्या ओल्या फरशीवरून जायची. मागे वळून बघायची नाही. एकदा बघितलं. आंटी वाकल्या होत्या.

रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये दहा-बाराजण चहा घेत होते. डेप्युटी आत आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हेरी स्मार्ट." मी थँक यू म्हणणार, तोच अनघाताई म्हणाल्या, "दॅट्स माइन, अॅक्चुअली." आणि माझ्या खांद्याजवळची शिवण दोन बोटांनी धरून सगळ्यांना दाखवली. कौतुकाने. दुकानात बाहुलीच्या अंगावरचा कपडा दाखवतात ना, तशी. मग माझ्याकडे वळून मराठीत, गोड आवाजात, "बघ, कशी माणसांत आलीस."

पस्तीस वर्षांची बाई मी. गणितात एमएस्सी. आणि माझ्या पाठीवर कुणीतरी शाईचा डाग शोधत होतं.

मी कप जोरात खाली ठेवला. चहा बशीत सांडला. तो मीच पुसला.

त्या संध्याकाळी मी पाचही कपडे धुऊन वाळत घातले, पहाटे इस्त्री केली. माझा स्वतःचा निळा सुती सलवार-कमीज काढला, वर माझा कार्डिगन. नवऱ्याने बघितलं. मुलीचा डबा त्याने भरला.

रिव्ह्यूच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे डेप्युटी आणि अनघाताई. मी कपड्यांची घडी अनघाताईंसमोर ठेवली आणि बसले.

डेप्युटीने फॉर्म उघडला. म्हणाला, वर्गावरचं काम चांगलं आहे, इयर इलेव्हनचे पेपर सुधारलेत, पालकांची तक्रार नाही. मग तो कपड्यांच्या रकान्यापाशी आला आणि माझ्याकडे बघून थांबला.

मी इंग्रजीत म्हणाले, "तुमचा ड्रेस कोड मी वाचलाय. स्वच्छ आणि नीटनेटका, एवढंच लिहिलंय. मी स्वच्छ आहे. मी नीटनेटकी आहे. आणि तुम्ही जो फोटो सगळ्या स्टाफला दाखवलात, त्यात फरशी ओली होती. ती एका बाईने नुकतीच पुसली होती. तिला परत पुसावी लागू नये म्हणून मी बूट काढले. हे तुम्ही त्याच हॉलमध्ये सांगायचं. तुम्ही हसवलंत, तुम्हीच सांगायचं."

डेप्युटी लाल झाला. "इट वॉज ओन्ली मेंट टु बी फनी," म्हणाला.

तेवढ्यात अनघाताई मराठीत बोलल्या. हळू, ओठ फार न हलवता. मराठीत म्हणजे आपल्यातलं आपल्यात. साहेबाला कळायला नको आणि मला मात्र नीट कळावं.

"तमाशा करू नकोस. तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस. तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावर बसता."

तुम्हा लोकांना.

मी डेप्युटीकडे वळले. त्या वाक्यांचं इंग्रजी करून दिलं. शब्दन् शब्द, काही न गाळता. "तुम्हा लोकांना" म्हणजे कुठल्या लोकांना, तेही सांगितलं. आमच्याकडे आडनाव का विचारतात, उतरलेले कपडे कुणी कुणाला द्यायचे असतात, ते सांगितलं. आणि म्हणाले, "हे पण फॉर्मवर लिहा. रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहा."

अनघाताईंचा चेहरा पांढरा पडला. "शी इज ट्विस्टिंग इट," त्या म्हणाल्या. डेप्युटीचं पेन हवेत राहिलं. वीस वर्षं त्या ज्या भिंतीच्या आडून बोलत आल्या होत्या, ती मी पाडली होती.

कुणाला वाटेल, मग न्याय झाला. कसला न्याय. डेप्युटीने हॉलमध्ये काही सांगितलं नाही. स्लाइड गुपचूप काढली, माफी नाही. माझं प्रोबेशन ईस्टरपर्यंत वाढवलं, कारण दिलं, "कम्युनिकेशन स्टाइल." माझा रिव्ह्यू आता दुसरं कुणी घेणार. अनघाताई हेड होत्या, हेड आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नव्हते. बायका दुकानात दिसतात आणि भाज्या बघायला लागतात. नवरा रात्री विचारतो, "ईस्टरनंतर काय?"

एक मात्र ठरलंय. परत पाठवलं तर परत जाईन, पण स्वतःच्या कपड्यांत. माझ्या पोरीच्या अंगावर कुणाचा उतरलेला धागा चढणार नाही. आणि कुणी माझ्या भाषेत माझा अपमान केला, तर तो त्या भाषेत दाबून ठेवणार नाही. चारचौघांत, सगळ्यांना कळेल असा उघडा करीन. दरवेळी.

काल सकाळी परत पाऊस होता. सुरिंदर आंटी फरशी पुसत होत्या. मी दाराशी बूट काढले, हातात घेतले आणि निघाले. यावेळी कडेकडेने नाही. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. अनघाताई टेबलाशी उभ्या होत्या, हातात फोन. मी थांबले.

"काढायचाय फोटो?" मी विचारलं. "काढा ना. फक्त यावेळी चेहरा येऊ द्या."